अंक कोणाच्या हाती पडेल?

मराठी नियतकालिकांचा इतिहास चाळताना गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. १८८२ साली कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि टिळक व आगरकर या दोघा तरुण संपादकांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशेएक दिवस काढून ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला लोकांची मोठी गर्दी लोटली होती. पुढे १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि बालविवाह, केशवपन, आंधळे आचार यांविषयी जे मनात होते ते लिहून टाकले. तेव्हा त्याच समाजातील काही मंडळींनी या जिवंत संपादकाची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यातून काढली. माणूस एकच, लेखणीही तीच. पहिल्या वेळी ती राज्यकर्त्यांना व त्यांच्या आश्रितांना बोचली, दुसऱ्या वेळी ती आपल्या माणसांना बोचली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. संपादकाला दोन न्यायालयांपुढे उभे राहावे लागते. एक सरकारचे, दुसरे समाजाचे. पहिल्याला लिखित कायदा आहे, कलमे आहेत, अपिलाची सोय आहे. दुसऱ्याला यांपैकी काहीच नाही. तेथे आरोप हाच पुरावा आणि कुजबुज हाच निकाल. राजद्रोहाच्या खटल्यांत ही दोन न्यायालये एकमेकांच्या विरुद्ध असत. म्हणून १९०८ साली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झालेले टिळक १९१४ साली मंडालेहून परतले ते लोकमान्य म्हणूनच. ‘सुधारका’च्या बाबतीत सरकार स्वस्थ होते, समाज चिडला होता. परंतु असाही एक प्रकार असतो की ज्यात ही दोन्ही न्यायालये एका बाजूला बसतात आणि संपादक दुसऱ्या बाजूला एकटा उरतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा इतिहास हा या तिसऱ्या प्रकारचा आहे, आणि तोच आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. तो मांडताना एका व्यक्तीचा गौरव करावा एवढाच आमचा हेतू नाही. या इतिहासाच्या तळाशी एक प्रश्न आहे: वाचकाला कायद्याने आणि समाजाने काय समजावे, मूल की माणूस?

प्रथम कायदा पाहू. भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या २९२ व्या कलमाने अश्लील पुस्तके, पत्रके, चित्रे विकणे व पसरवणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. परंतु अश्लील म्हणजे काय, हे त्या कलमात कोठेच सांगितलेले नव्हते. ती व्याख्या आपल्याकडे आली इंग्लंडातून, आणि ती ज्या खटल्यातून आली तो मुळातच मोठा विचित्र होता.

वुल्व्हरहॅम्प्टन येथील हेन्री स्कॉट नावाचा एक कडवा प्रॉटेस्टंट गृहस्थ रोमन कॅथलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेविरुद्ध एक पुस्तिका विकत असे. पाद्री स्त्रियांना कसकसले प्रश्न विचारतात, हे दाखवून त्या पंथाचा निषेध करावा हा तिचा हेतू. दंडाधिकाऱ्यांनी तिच्या २५२ प्रती जप्त केल्या. वरच्या बैठकीत बेंजामिन हिक्लिन नावाच्या न्यायाधिकाऱ्याने म्हटले की, या माणसाचा उद्देश वाईट नव्हता, सबब जप्तीचा हुकूम रद्द. १८६८ साली सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी हा निर्णय फिरवला. उद्देश काय होता हे पाहावयाचे नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यांची मने अशा दुष्ट संस्कारांना खुली आहेत आणि ज्यांच्या हाती हे लेखन पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडवण्याची व भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्या लेखनात आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. हीच ती ‘हिक्लिन कसोटी’. ज्या बिचाऱ्या हिक्लिनचे मत खोडून काढले, त्याचेच नाव या कसोटीला कायमचे चिकटले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

या कसोटीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ग्रंथ कोणासाठी लिहिला, तो कोण विकत घेतो, त्याने कोणाचे कल्याण होते, हे सारे प्रश्न तिने बाजूला सारले. उरला एकच प्रश्न: चुकून तो कोणाच्या हाती पडेल? म्हणजे समाजातील सर्वांत दुबळ्या मनाचा, सर्वांत कोवळ्या वयाचा जो काल्पनिक वाचक, तोच सगळ्या वाङ्मयाचा मापदंड झाला. डॉक्टरांसाठी लिहिलेला ग्रंथ शाळकरी पोराच्या हाती पडू शकतो, तेव्हा डॉक्टरांनीही तो वाचू नये, असा हा न्याय. घरातल्या तान्ह्या मुलाला पचणार नाही म्हणून सगळ्या घराने पेजेवर राहावे, असे एखादी गृहिणी म्हणाली तर आपण तिला काय म्हणू?

आणि या न्यायाचा पहिला मोठा तडाखा बसला तो संततिनियमनालाच. १८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर लंडनमध्ये खटला झाला, तो नोल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने संततिनियमनावर लिहिलेली एक जुनी पुस्तिका पुन्हा छापल्याबद्दल. ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. पुढे तांत्रिक मुद्द्यावर ती शिक्षा रद्द झाली. पण खटल्याच्या गवगव्याने त्या पुस्तिकेचा खप काही महिन्यांत लाखाच्या वर गेला. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या राष्ट्रीय सभेला आले होते, आणि बेझंटबाई १८९३ साली हिंदुस्थानात येऊन येथल्याच झाल्या. अमेरिकेत १९१४ साली मार्गारेट सँगर यांनी ‘द वुमन रिबेल’ हे मासिक काढले, तेव्हा टपालाच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरला गेला व त्यांना काही काळ देश सोडावा लागला. तो खटला १९१६ साली सरकारने काढून घेतला. तेव्हा मुंबईत जे घडले ते काही जगावेगळे नव्हते. एकाच वाऱ्याची झुळूक येथवर आली होती.

रघुनाथराव कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२ चा, मुरुडचा. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. पुढील आयुष्यात त्यांनी जे केले त्याचे मूळ त्या घटनेत होते की नाही, याचा तर्क आम्ही करीत बसत नाही. परंतु त्या काळी मराठी घराघरांत अशी एखादी राधाबाई होती, एवढे विसरून चालणार नाही. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाले व गणिताचे प्राध्यापक झाले. स्वभाव गणितीच. एक पायरी मान्य झाली की पुढची मान्य केलीच पाहिजे, मग ती कोठेही नेवो, अशी त्यांची विचारांची रीत होती. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले तेही याच साली. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक लिहिले. प्राध्यापकाने अशा विषयाचा प्रचार करावा हे त्या वेळच्या कॉलेजच्या चालकांना रुचण्याजोगे नव्हते. प्रचार किंवा नोकरी, यांतून एक निवडण्याची वेळ आली तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. त्यांनी व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी अपत्य होऊ न देण्याचा निश्चय करून तो पाळला. दुसऱ्याला सांगावयाचे ते आधी स्वतः करावयाचे, ही वडिलांकडून आलेली शिस्त येथेही दिसते.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. पुढे सव्वीस वर्षे, कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, ते मासिक चालले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. त्यामुळे हे मासिक घरात उघड्यावर ठेवता येत नसे. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध, विवाहसंस्था, बुवाबाजी, धर्मश्रद्धा या सर्वांवर कर्वे यांची लेखणी सारख्याच कोरडेपणाने चाले. लेख बहुतांशी त्यांचेच. पण या मासिकाचा खरा गाभा आम्हांला दिसतो तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. गावोगावचे लोक संपादकाला पत्र लिहीत. जे वडिलांना विचारता येत नाही, वैद्याला विचारण्याची लाज वाटते, मित्राला विचारले तर तो खोटेच काहीतरी सांगतो, असे प्रश्न. आपल्याला काही रोग झाला आहे काय? आपण पापी आहो काय? संपादक त्यांना उपदेश करीत नसे, टाकून बोलत नसे. माहिती सांगत असे. ज्या समाजात या विषयावर फक्त शिवी आणि मंत्र अशा दोनच भाषा चालत होत्या, त्या समाजाला कर्वे यांनी तिसरी भाषा दिली: साध्या माहितीची.

यासाठी त्यांच्यावर दोनदा खटले होऊन शिक्षा झाली, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातील तपशील मात्र थोड्यांना. पहिला खटला १९३१ चा, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल. शंभर रुपये दंड झाला. वरच्या कोर्टात अपील केले, तेही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ चा. तो थेट त्या प्रश्नोत्तरांवरच उठला होता. या वेळी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

आंबेडकर त्या वेळी गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून गेलेले, देशभर नाव झालेले पुढारी होते. अशा माणसाने अश्लीलतेच्या आरोपीची बाजू घेण्यात लाभ कोणता? उलट, विरोधकांच्या हाती कोलीत देण्यासारखेच ते होते. तरीही ते उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की, कामविषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. हे प्रश्न खुद्द वाचकांनी विचारलेले आहेत. या विषयाला वाहिलेल्या मासिकाने त्यांना उत्तर द्यावयाचे नाही तर कोणी द्यावयाचे? प्रश्न विकृत आहेत, तेव्हा ते छापावेतच का, या आक्षेपालाही त्यांचे उत्तर होते: विकृती म्हणावयाची असेल तरी ती ज्ञानाने जाईल, ज्ञानावाचून ती जाणार कशी? हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. कोर्टाला हे पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला.

येथे कायद्यातील एका बारकाव्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. २९२ व्या कलमाला त्या वेळी एक अपवाद होता. देवळावर कोरलेली वा रंगवलेली चित्रे, देवाच्या रथावरील मूर्ती, आणि प्रामाणिकपणे धर्मकार्यासाठी ठेवलेली पुस्तके व चित्रे यांना ते कलम लागू नव्हते. म्हणजे धर्माला सूट होती. शास्त्राला, वैद्यकाला, लोकशिक्षणाला सूट नव्हती. मंदिराच्या भिंतीवर जे दिवसाढवळ्या पोराबाळांसह सर्वांनी पाहावे ते निर्दोष. आणि वर्गणी भरून मासिक मागवणाऱ्या प्रौढ माणसाला आरोग्याविषयी चार ओळी सांगणे हा गुन्हा. कर्वे यांनी धर्माचा आधार घेतला असता तर कदाचित कायद्यात बसले असते. पण ते पडले नास्तिक!

दंडाचे आकडे आज क्षुल्लक वाटतात. नोकरी सोडलेल्या, पदरमोड करून मासिक चालवणाऱ्या माणसाला ते क्षुल्लक नव्हते. परंतु खरी शिक्षा रुपयांत मोजण्याजोगी नसते. खटला झालेले मासिक म्हणजे बदनाम मासिक. त्याच्या पुढच्या अंकाला छापखाना मिळवणे, लेखक मिळवणे, जाहिरात मिळवणे, सगळेच अवघड होऊन बसते. वर्गणीदार असतो, पण तो आपले नाव सांगत नाही. राजद्रोहाचा खटला झालेल्या संपादकाच्या नावाने निधी जमतो. अश्लीलतेचा खटला झालेल्या संपादकाला रस्त्यात ओळख देणेही लोकांना जड जाते. आणि सर्वांत मोठी शिक्षा झाली ती ज्यांनी पत्रे लिहिली त्या वाचकांना. तुमचा प्रश्नच मुळी गुन्हा आहे, असे न्यायासनाने त्यांना सांगितले. त्या निकालानंतर किती पत्रे लिहून फाडली गेली असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

कर्वे यांच्या बाजूने सगळेच बरोबर होते, असे आमचे म्हणणे नाही. मुखपृष्ठावरील चित्राचा हट्ट त्यांनी सोडला असता तर मासिक अधिक घरांत गेले असते, असे मानण्यास जागा आहे. त्यांच्या लेखणीत जिव्हाळ्यापेक्षा तर्काची धार जास्त होती, आणि ज्याला समजावून सांगावयाचे त्यालाच ते कधी कधी दुखावीत. महात्मा गांधींसारखा थोर पुरुषही कृत्रिम साधनांच्या विरुद्ध होता, तो काही अश्लीलतेच्या भीतीने नव्हे. संयमाने माणूस उंच होतो अशी त्यांची श्रद्धा होती. तो मतभेद मोठ्या पातळीवरचा होता, आणि मतभेदाला उत्तर मताने द्यावयाचे असते. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींशी याच प्रश्नावर बोलल्या. कोणी कोणाला पटवू शकले नाही, पण बोलणे झाले. कर्वे यांच्याशी बोलण्याऐवजी त्यांना कोर्टात खेचण्यात आले. फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा असा ठराव आला. आंबेडकरांनी तयार केलेले भाषण त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. ठराव पडला. पुढे देश स्वतंत्र झाला, आणि १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९३१ साली ज्या विचाराचा प्रचारक दंडास पात्र ठरला होता, तोच विचार एकवीस वर्षांत सरकारी धोरण झाला. कर्वे यांनी एवढे पाहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या नोव्हेंबरात निघाला. मालतीबाई १९४४ सालीच गेल्या होत्या.

कर्वे गेले, पण त्यांना दंड करणारी कसोटी जिवंत होती. स्वातंत्र्य आले तरी १८६८ चा तो काल्पनिक वाचक न्यायालयाच्या बाकावर बसूनच राहिला. बा. सी. मर्ढेकरांवर ‘काही कविता’ या संग्रहाबद्दल १९४८ साली खटला झाला व १९५२ साली ते निर्दोष सुटले. पण एका कवीची चार वर्षे त्यात गेली. १९५९ साली मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याकडून पोलिसांच्या बनावट गिऱ्हाइकाने डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची प्रत विकत घेतली. तो रणजित उदेशी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६४ साली न्यायालयाने हिक्लिन कसोटीच थोड्या फेरफाराने कायम केली.

त्यानंतर जो खटला आला तो एका मराठी मासिकाचाच. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. तक्रार होऊन लेखक, प्रकाशक व विक्रेता यांच्यावर पुण्याच्या कोर्टात खटला चालला. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने लेखक व प्रकाशक यांना दोषी ठरवले. शेवटी १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, आणि स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख अश्लील मानावयाचा तर धार्मिक पुस्तकांखेरीज दुसरे काही विकताच येणार नाही, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे. ‘श्यामा’ ही काही थोर कलाकृती आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. तशी ती असण्याची गरजही नव्हती. सामान्य कथा सामान्य वाचकाने वाचावी, त्यात फौजदारी गुन्हा कसला, एवढाच मुद्दा होता. थोर ग्रंथाचा कैवार घेणे सोपे असते. स्वातंत्र्याची परीक्षा सामान्य दिवाळी अंकाच्या वेळीच होते.

त्याच साली संसदेने २९२ वे कलम बदलले. जो वाचक हे लेखन वाचण्याचा संभव आहे, त्याच्यावर सर्व परिस्थिती ध्यानात घेता काय परिणाम होईल, असा विचार आता कायद्यातच आला. म्हणजे ‘कोणाच्याही हाती पडेल’ हा धसका जाऊन ‘कोण वाचील’ हा शहाणा प्रश्न आला. शास्त्र, साहित्य, कला व विद्या यांसाठी केलेल्या लोकहिताच्या प्रकाशनाला सूट मिळाली. कर्वे यांना १९३१ साली जी सूट हवी होती ती अडतीस वर्षांनी मिळाली. परंतु सरकारने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने आवळले: तीन महिन्यांच्या जागी पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पुढच्याला पाच वर्षांपर्यंत.

यापुढची वाट थोडक्यात सांगतो. बंगालीतील ‘देश’ या नियतकालिकाच्या शारदीय अंकात आलेल्या समरेश बसू यांच्या ‘प्रजापती’ या कादंबरीचा निकाल १९८५ साली लागला. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या आणि मग निरनिराळ्या वयाच्या वाचकांच्या जागी बसून पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले व लेखकाला सोडले. टेनिसपटू बोरिस बेकर व त्याची वाग्दत्त वधू यांचे एक नग्न छायाचित्र ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ मासिकाने एका जर्मन साप्ताहिकातून घेऊन छापले होते. त्या खटल्यात, २०१४ साली, हिक्लिन कसोटी न्यायालयाने उघडपणे टाकून दिली, आणि तिच्या जागी समाजाची चालू काळातील मापे मानली. इंग्लंडातल्या एका पुस्तिकेने आपल्या वाचकाला घातलेली बेडी निघावयास अशी सुमारे दीड शतके लागली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम २९४ या आकड्याने बव्हंशी त्याच शब्दांत बसले आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. मुलांचे काय? कोवळ्या वयाला जपावयास नको काय? जपावयास हवेच. परंतु त्यासाठी कायद्यात वेगळे कलम १९२५ सालापासून होते. वीस वर्षांखालील व्यक्तीला अशी वस्तू विकणे हा २९३ व्या कलमाचा स्वतंत्र गुन्हा होता. म्हणजे मुलांना जपण्याची सोय असताना मोठ्यांना मुलांच्या मापाने मोजण्याचे काहीच कारण नव्हते. कर्वे यांच्यावर खटले झाले तेव्हाही ते कलम पुस्तकात होतेच. खरी गोष्ट अशी की, अशा प्रकरणांत तक्रार करणारा गृहस्थ सहसा ‘मी बिघडलो’ असे सांगत नाही. तो स्वतः सगळा अंक वाचून शाबूत असतो. काळजी त्याला दुसऱ्याची. दुसरा आपल्याहून दुबळा आहे, हे गृहीत धरल्याशिवाय ही काळजी उभीच राहत नाही.

मग आता सगळे ठीक झाले, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. एका बँक कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत १९९४ साली वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता आली. तिचा खटला दोन दशके चालला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माफी मागणाऱ्या प्रकाशकाला मुक्त केले, पण कवीला मात्र खटल्याला तोंड देण्यास सांगितले. इतिहासातील वंदनीय पुरुषांच्या बाबतीत मर्यादा अधिक कडक मानली पाहिजे, असा त्या निकालाचा सूर होता. जुना काल्पनिक दुबळा वाचक गेला. त्याच्या जागी दुखावलेला समाज येऊन बसला. आणि समाजाची मापे म्हणजे कोणाची मापे? जो मोठ्याने बोलतो त्याची, की जो घरी बसून वाचतो त्याची? आगरकरांची प्रेतयात्रा काढणारे शंभर असतील, ‘सुधारक’ मुकाट्याने वाचणारे त्याहून अधिक असतील. पण रस्त्यात दिसले ते शंभरच. कायद्याचे माप समाजाच्या हाती आले म्हणजे मोठ्याने न बोलणाऱ्या या वाचकाची जबाबदारी वाढते, एवढे आपण ओळखले पाहिजे.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. तिच्यामागची कल्पना साधी होती: लोकांना ऐकू द्यावे, आणि काय घ्यावे काय टाकावे हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. श्रोत्याला सज्ञान मानल्याशिवाय व्याख्यानमाला चालत नाही. मासिकही तसेच चालते. आज कर्वे यांच्यावर चित्रपट झाला, नाटक झाले, त्यांच्या लेखनाचे संग्रह निघाले. समाजाने आपला जुना निकाल हळूहळू फिरवला आहे, आणि याचा आम्हांला आनंद आहे. परंतु गौरव होतो तो संपादकाचा. त्याला पत्र लिहिणारा तो निनावी वाचक मात्र आपण विसरतो. दिवा बारीक करून, दार लावून, चार वेळा खोडून त्याने आपली शंका कागदावर उतरवली असेल. तिकीट लावून ती पेटीत टाकताना त्याचा हात अडखळला असेल. त्या माणसाला उत्तर मिळाले, आणि उत्तर देणाऱ्याला दंड झाला. अंक कोणाच्या हाती पडेल, असे कायदा विचारीत होता. तो पडला होता या माणसाच्या हाती. आणि त्याला त्याची गरज होती.